मेल वाचतंय कोण ते सोडा, भांडायचं कुणाशी ते सांगा

ठाण्यात कोर्ट नाक्याला कधी कामाला गेलात तर तिथल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात जरा वेळ नुसतं उभं राहून बघा. स्टॅम्पपेपरवाले, टायपिंगवाले, नोटरीची टेबलं आणि मधेमधे ही दुकानं, आणि हल्ली काउंटरच्या वर एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवलेला असतो, 'प्रिंटसाठी या आयडीवर मेल करा', खाली दुकानाचं नाव आणि पुढे एकदोनतीन असा फुकटातला आयडी. पेनड्राइव्ह घेऊन आता कोण येतंय, सगळं फोनमधूनच, मेल नाहीतर व्हॉट्सॲप. मॉनिटर अर्धा गिऱ्हाइकांकडे वळलेला, त्यावर इनबॉक्स सताड उघडा, "दादा पाठवलंय, आलं का बघा ना", "नाव काय तुमचं?", मग तो खाली खाली स्क्रोल करत जातो आणि रांगेतले आपण सगळे त्याच्याबरोबर वाचत जातो. आधार दोन्ही बाजू. वडिलांचा मृत्यूचा दाखला. भाडेकरार. कॅन्सल्ड चेक. रिझ्युम फायनल फायनल. कुणाचा तरी एमआरआयचा रिपोर्ट. फाइल डेस्कटॉपवर उतरते, प्रिंट निघते, पाच रुपये, दहा रुपये, चला पुढचे. डिलीट कोणी करत नाही, करा म्हणून सांगतही नाही.

तर अशाच एका रांगेत माझ्या पुढे एक बाई होत्या, हातात मुलीच्या ॲडमिशनची कागदपत्रं, आणि त्या बरोबरच्या बाईंना अगदी ठासून सांगत होत्या, "मी नाही बाई त्या मेलवर काही ठेवत, ते कंपनीवाले आपलं सगळं वाचतात." आणि हे म्हणतानाच त्यांनी मुलीचं आधार, दहावीचं मार्कशीट आणि जातीचा दाखला त्या दुकानाच्या आयडीवर पाठवून दिला.

हसू येतं, पण मला नंतर वाटलं की त्यांचं गणित आपण समजतो तितकं येडं नाहीये. दुकानदार त्यांना दिसतोय. तो उद्याही तिथेच बसणार आहे, परवाही. काही उलटसुलट झालं तर त्याची कॉलर धरता येईल, चार लोक गोळा करता येतील, भाऊ वकील असेल तर बाजूच्याच बिल्डिंगमधून त्याला खाली बोलावता येईल. आपण गावाला जाताना घराची चावी शेजारच्या काकूंकडे ठेवतो तेव्हा त्या आपल्या घरात डोकावणार नाहीत असं थोडीच समजतो, डोकावतातच, फ्रिजसुद्धा उघडून बघतात, पण त्या काकू कुठे राहतात ते आपल्याला माहीत असतं. फुकटातल्या मेलचं तसं नाही. घराची, बँकेची, कपाटाची, सगळ्यांच्या चाव्यांचा जुडगा आपण तिथे ठेवलाय आणि ठेवून घेणाऱ्याच्या दारावर बेलच नाही.

फुकट मेलवर कधीही बोलणं निघालं की गाडी जाऊन थांबते एकाच प्रश्नावर, ते वाचतात का. मला तो प्रश्न आता दोन नंबरचा वाटतो. पण त्याचं उत्तर आधी देऊनच टाकू, कारण ते फारसं लपवलेलंही नाहीये.

जीमेल आलं १ एप्रिल २००४ ला. लोकांना खरंच एप्रिल फूल वाटलं होतं कारण हॉटमेल तेव्हा २ एमबी जागा द्यायचं, याहू ४ एमबी, आणि हे म्हणे १ जीबी देणार, तेही फुकट. बदल्यात काय, तर तुमचा मेल त्यांचं सॉफ्टवेअर वाचणार आणि त्यातल्या शब्दांवरून बाजूला जाहिराती लावणार. हे त्यांनी उघड सांगितलं होतं. त्याच महिन्यात ३१ संस्थांनी पत्र लिहून ही सेवा थांबवा म्हणून सांगितलं. आणि आम्ही काय करत होतो, तर इन्व्हाइट मागत फिरत होतो! तेव्हा बोलावण्याशिवाय खातं मिळायचं नाही, २००७ पर्यंत असंच होतं, आणि ज्याच्याकडे इन्व्हाइट शिल्लक असतील त्याचा ऑफिसात काय रुबाब असायचा. प्रायव्हसी वगैरे शब्द कुणाच्या तोंडात नव्हता, इतकी जागा मिळतेय तर घ्या. जून २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की आता मेलमधला मजकूर जाहिराती ठरवायला वापरणार नाही. म्हणजे तेरा वर्षं वापरला. जाहिराती त्यानंतरही आहेतच, फक्त त्या बाकीच्या गोष्टींवरून ठरतात, आपण काय शोधलं, काय पाहिलं त्यावरून. आणि मशीन मेल वाचतंच, त्याला वाचावंच लागतं, नाहीतर स्पॅम ओळखणार कसं? विमानाचं तिकीट आलं की आपोआप कॅलेंडरमध्ये जाऊन बसतं ते काय देवाने ठेवलं? बिलांच्या मेलवरून तुम्ही काय काय विकत घेतलंत त्याची यादी गुगल खात्यात तयार होते हे २०१९ मध्ये बातम्यांत आलं तेव्हा मीही माझी यादी उघडून बघितली होती, आणि कंपनीपेक्षा मला माझीच जास्त काळजी वाटली, इतके कुकरचे गॅस्केट एक माणूस कशाला घेतो.

मशीनने वाचणं वेगळं आणि माणसाने उघडून बघणं वेगळं. तेही झालेलं आहे. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं सॉफ्टवेअर बाहेर फुटत होतं, तर कोणी फोडलं ते शोधायला २०१२ मध्ये त्यांनी एका ब्लॉगरचा हॉटमेल (तेही मायक्रोसॉफ्टचंच) इनबॉक्स सरळ उघडला, कोर्टाचा कागद न घेता. २०१४ मध्ये कोर्टाच्या कागदपत्रांतून ते बाहेर आलं. आणि गंमत म्हणजे नियमात ते बसत होतं, आपण जे 'मान्य आहे' दाबून पुढे जातो ना, त्यात लिहिलेलं होतं. फारच आरडाओरड झाली तेव्हा म्हणाले, पुढच्या वेळी आम्ही स्वतः उघडणार नाही, पोलिसांकडे देऊ. याहूचं तर आणखी वरचं. २०१५ मध्ये अमेरिकन गुप्तचरांच्या सांगण्यावरून त्यांनी येणारे सगळ्यांचे मेल चाळणारं सॉफ्टवेअर बसवलं होतं, ही बातमी रॉयटर्सने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिली. याहूचीच २०१३ मध्ये चोरी झाली, आधी सांगितलं १०० कोटी खाती गेली, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये म्हणाले, नाही नाही, ३०० कोटी. म्हणजे होती नव्हती तेवढी सगळी. गोखले रोडच्या सायबर कॅफेत तासाच्या भाड्यावर बसून आम्ही जी खाती उघडली होती आणि ज्यांचे पासवर्ड पाचव्या दिवशी विसरलो होतो, ती पण त्यातच गेली असणार, जे घेऊन गेले त्यांना लखलाभ.

त्याआधीचा तर किस्साच आहे. ऑगस्ट १९९९ मध्ये हॉटमेलच्या कुठल्याही खात्यात 'ई' आणि 'एच' या दोन अक्षरांवर घुसता येत होतं. कुठल्याही. जगात कोट्यवधी लोकांची खाती, आणि मागचा दरवाजा नुसता लोटून ठेवलेला. बातमी पसरली तशी त्यांनी काही तास सेवा बंद केली, भोक बुजवलं, झालं. आपण दुसऱ्या दिवशी परत लॉगिन केलं. करणार काय?

बरं, काही वेळा तर आपणच किल्ली देतो. अनरोल डॉट मी नावाची एक सोय होती, नको असलेले जाहिरातीचे मेल बंद करून देणारी, फुकट. त्यासाठी आपला इनबॉक्स बघायची परवानगी द्यायची. २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की ही मंडळी लोकांच्या इनबॉक्समधल्या लिफ्ट नावाच्या अमेरिकन टॅक्सी कंपनीच्या पावत्या गोळा करून, नावं काढून, विकत होती आणि घेणारी होती लिफ्टची स्पर्धक उबर. जाहिरातींचा त्रास नको म्हणून लोकांनी ज्याला घरात घेतलं तोच रद्दीची पिशवी उचकत बसला होता.

इतकं सगळं माहीत असूनही मला जाहिरातीची भीती वाटत नाही, खरं सांगते. मला गॅस्केटची जाहिरात दाखवा, दाखवा. सरकारला बघायचं असेल तर ते आयटी कायद्याच्या ६९ व्या कलमाखाली बघूच शकतं. सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ ला प्रायव्हसी हा मूलभूत हक्क म्हणून सांगितलंय, नऊ न्यायमूर्तींनी एकमताने, चांगलंच झालं, पण हक्क घेऊन जायचं कुठल्या खिडकीवर हा जो प्रश्न आहे तो मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी शिकवला.

काका वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीतून रिटायर झालेले, काटेकोर माणूस, लाइटबिलं वर्षावार फायलीत. त्यांचा फोन बंद पडला, नवा घेतला, आणि तो सुरू करताना मेलचा पासवर्ड मागितला. पासवर्ड होता, एलआयसीच्या जुन्या डायरीत, सुवाच्य अक्षरात, आधीचे सगळे एका रेघेने खोडलेले आणि शेवटचा चौकटीत. टाकला. बरोबर होता. तरी कंपनी म्हणे फोन नवीन दिसतोय, आम्ही तुमच्या नंबरवर कोड पाठवलाय तो टाका. नंबर होता काकांचं जुनं सिम, जे मुलीने फॅमिली प्लॅन घेतल्यावर रिचार्ज न केल्यामुळे केव्हाच बंद पडलं होतं. दुसरा पर्याय, रिकव्हरी ईमेल. तो होता काकांच्या जुन्या ऑफिसचा. ते ऑफिसही आता नाही, तिथे आता टॉवर उभा राहतोय.

मग एक फॉर्म आला. खातं कुठल्या महिन्यात कुठल्या वर्षी उघडलं होतं? आता हे कोणाला आठवतं हो, मला माझ्या लग्नाच्या हॉलचं डिपॉझिट कधी भरलं ते आठवत नाही. काकांनी अंदाजाने लिहिलं. थोड्या वेळाने उत्तर आलं, मोठ्या नम्र भाषेत, की हे खातं तुमचंच असल्याची खात्री आम्हाला पटली नाही. काका ते उत्तर चष्मा वर करून, फोन डोळ्यांजवळ नेऊन परत परत वाचत होते. मग मला म्हणाले, "यांचं ऑफिस कुठेय? बीकेसीत का? मी उद्या सकाळी जातो. आधार नेतो, पॅन नेतो, पेन्शनचं पुस्तक नेतो, डायरी पण नेतो. समोर बसलो की कळेल ना त्यांना."

मी म्हटलं, "काका, असं जाता नाही येत."

"का? बंद असतं का उद्या?"

त्यांना ते पटेना, आणि मला ते समजावता येईना. हा माणूस दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे सही करून सांगून येतो आणि बँक मान्य करते. सातबाऱ्यावर नाव चुकलं तर तलाठ्याकडे चार खेटे घालतो, तलाठी खेकसतो, पण तलाठी असतो. इथे मात्र पासवर्ड बरोबर, आधारवर फोटो, माणूस साक्षात समोर, आणि मान्य करायला पलीकडे कोणी नाहीच. त्या मेलवर काय काय होतं ते मग एकेक बाहेर येऊ लागलं. म्युच्युअल फंडाची स्टेटमेंटं. इन्कम टॅक्सचं लॉगिन. आणि गावच्या जमिनीच्या केसमधल्या वकिलाचे सगळे मेल, तारखांसकट.

मधल्या काळात काकांनी त्या कंपनीचा हेल्पलाइन नंबर नेटवर शोधला आणि त्यांना तो मिळालाही. मी नेमकी तेव्हा वाटीभर साखर परत द्यायला गेले होते म्हणून बरं, नाहीतर तो माणूस काकांना स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला लावतच होता. या फुकट सेवांना फोन उचलणारं कोणी ठेवायचं नसतं, म्हणून ती मोकळी खुर्ची चोरांनी पकडली. खऱ्या कंपनीचा फोन कधी लागत नाही आणि खोट्याचा पहिल्या रिंगला उचलला जातो, ओळखायची खूण म्हणून एवढी पुरे आहे. आणि पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, तिथे तरी माणूस बोलतो.

शेवटी काकांनी काय केलं माहितीये? स्वतःच्या जुन्या नंबरवर फोन लावला. मी नको नको म्हणत होते. नियम असा की बंद पडलेला नंबर निदान ९० दिवस कुणाला द्यायचा नाही, त्यानंतर कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते, आणि दिलाच होता. भिवंडीचा एक पोरगा, टेम्पो चालवतो. काकांनी नाव सांगताच म्हणाला, "तुम्हीच का ते! अहो काका, तुमचे ओटीपी, बँकेचे मेसेज सगळे मलाच येतात, त्या पतपेढीवाल्याचे वाढदिवसाचे पण आले." काकांनी त्याला परिस्थिती सांगितली, मेलवाल्यांनी कोड पाठवला, पोराने टेम्पो बाजूला घेऊन एकेक आकडा वाचून दाखवला आणि खातं उघडलं. ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून सगळे कानीकपाळी ओरडतात आणि इथे एका अनोळखी माणसाने दुसऱ्याचा ओटीपी त्यालाच परत दिला म्हणून काम झालं. या सगळ्या व्यवस्थेत जिवंत माणूस तेवढा एकच सापडला आणि तो कंपनीचा नव्हता. त्याच्या जागी दुसरा असता तर 'पासवर्ड विसरलो' दाबून, तोच कोड वापरून, आत जाऊन बसायचा प्रयत्न करू शकला असता, फंडाची स्टेटमेंटं, जमिनीची केस, सगळ्यासकट. काकांनी त्याला पेढे पाठवायचे म्हणून पत्ता विचारला, तो म्हणाला पत्ता कशाला, जीपे करा. केले.

म्हणून मी म्हणते, 'वाचतात का'पेक्षा 'अडलं तर कुणाकडे जायचं' हा मोठा प्रश्न आहे. आणि तो फक्त आपल्या काकांचा नाही. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका बापाने आजारी लहान मुलाचा फोटो डॉक्टरांना पाठवायला म्हणून काढला, नर्सनेच मागितला होता. फोन आपोआप फोटो वर चढवतो, गुगलच्या मशीनला तो मुलांच्या लैंगिक शोषणाचा फोटो वाटला आणि खातं बंद. मेल गेला, फोटो गेले, फोन नंबरही गुगलच्याच सेवेचा होता तोही गेला. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा नाही असं लिहून दिलं, पण ते सांगायला त्याला गाठताही येईना, कारण फोनही बंद आणि मेलही. पोलिसांनी सोडलं तरी कंपनीने खातं परत दिलं नाही. न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ मध्ये हे छापलं तरीही नाही. असल्या फोटोंवर मशीनने नजर ठेवावी की नाही, तर ठेवावी, मी त्याच्या विरोधात नाही. पण मशीन चुकलं तर माणसाने ऐकून घ्यावं की नको? पोलिसांपेक्षा यांची खात्री जास्त!

आता खातं आपलंच आहे हे सिद्ध करायचं म्हणजे काय, हा आणखी एक विनोद आहे. आधी ते सिक्युरिटी प्रश्न असायचे, आईचं माहेरचं आडनाव, जन्मगाव, पहिली शाळा. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहू खातं एका कॉलेजच्या पोराने असंच उघडलं, जन्मतारीख, पिनकोड आणि नवरा पहिल्यांदा कुठे भेटला, तिन्ही उत्तरं नेटवर सापडली. अमेरिकेत शोधावी तरी लागली. आपल्याकडे लग्नाचा बायोडाटा आहे! जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, शिक्षण, उंची, मामांचं आडनाव आणि गावासकट, वर गणपती आणि खाली दोन मोबाईल नंबर. तो वधूवर सूचक मंडळाच्या फायलीत, आत्याच्या पर्समध्ये, निदान चार व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि हो, कोर्ट नाक्याच्या त्या इनबॉक्समध्ये. आईचं माहेरचं आडनाव गुप्त ठेवायचं असेल तर आधी मामाला लग्नात अंतरपाटाजवळ उभं करणं बंद करायला लागेल. बँकवाले पण काही कमी नाहीत, स्टेटमेंटला कुलूप लावून पाठवतात आणि त्याच मेलमध्ये खाली लिहितात, पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माची तारीख-महिना. ई-आधारचंही तसंच, फक्त तारखेऐवजी जन्मवर्ष. कुलुपाला किल्ली दोऱ्याने बांधूनच देतात.

मग दुसरीकडे जावं का? या विषयावर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ऑक्टोबर २०२५ मध्ये एकदम देशभक्तीची लाट आली होती, अमित शहांनी आपला मेल झोहोवर नेल्याचं जाहीर केलं तेव्हा. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचा मेल तिकडे गेला. कंपनी तमिळनाडूची, मेलमध्ये जाहिराती दाखवत नाही, पैसे बाकीच्या सॉफ्टवेअरमधून कमावते. मला हे बरं वाटतं, देशी म्हणून नव्हे, तर पैसे कुठून येतात ते दिसतं म्हणून. अर्थात देशी कंपनीला देशी नोटीसही लवकर पोचते हे धरून चालायचं. स्वित्झर्लंडचं प्रोटॉन आहे, ते मेल असे कुलूपबंद ठेवतात की त्यांनाही वाचता येत नाहीत, पण २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून त्यांनाही एका फ्रेंच आंदोलकाचा आयपी पत्ता, म्हणजे तो इंटरनेटला कुठून जोडला गेला त्याचा नंबर, नोंदवून द्यावा लागला. मजकूर नाही दिला, पत्ता दिला. कायद्यापुढे कुणाचं चालत नाही आणि चालूही नये बहुतेक. कोणी म्हणतं, स्वतःचं डोमेन, म्हणजे मेल आयडीत @ च्या पुढे येणारं आपलं स्वतःचं नाव, घे, वर्षाला हजारेक रुपये, मग मेलवाला बदलला तरी आयडी तोच राहतो. घेतलंय मी, बँक आणि टॅक्स तिकडे हलवलंय, शॉपिंग आणि शाळेचे ग्रुप जुन्याच फुकटवाल्यावर. नवरा म्हणतो आता तुला दोन ठिकाणी स्पॅम येणार. येतंय. पण पैसे भरल्यावर तिकडे तक्रार टाकली की खाली माणसाचं नाव असलेलं उत्तर येतं, एवढा एक फरक मला त्या पैशांच्या लायकीचा वाटतो.

रोज मी ठाण्याहून ऐरोलीला जाते ऑफिसला. दिघा गाव सोडलं की रबाळे, महापेकडच्या त्या एमआयडीसीत पूर्वी केमिकल कंपन्या होत्या, वासावरून स्टेशन कळायचं असं जुने लोक सांगतात. आता तिथे डेटा सेंटरं उभी राहिलीत, प्रचंड ठोकळे, बऱ्याच भिंतींना खिडकीच नाही, गच्चीवर कूलिंगची धुडं, मागे जनरेटरची रांग, आणि बाहेर साधी पाटीसुद्धा नसते की आत कुणाचं काय ठेवलंय. ज्याला आपण क्लाउड क्लाउड म्हणतो ते हे असं ठाणे-बेलापूर रोडला लागून बसलेलं आहे. काकांना एकदा मी सांगून बसले की अशा इमारतींत ठेवतात लोकांचे मेल, तर ते लगेच, "मग तिथे जाऊन विचारायचं होतंस ना!" गेटवरचा सिक्युरिटीवाला आत पिझ्झावाल्यालासुद्धा सोडत नाही, काकांना काय सोडणार.

कागदावर खिडक्या आहेत म्हणा. २०२१ च्या आयटी नियमांत प्रत्येक मध्यस्थ कंपनीने (म्हणजे लोकांचे मेल, मेसेज, पोस्ट सांभाळणाऱ्या) तक्रार अधिकाऱ्याचं नाव जाहीर करायचं, २४ तासांत पोच द्यायची, ठरलेल्या मुदतीत निकाल लावायचा असं आहे. २०२३ चा डिजिटल डेटाचा कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, दंड २५० कोटींपर्यंत. तक्रार अधिकारी म्हणजे बहुतेक वेळा परत एक फॉर्म किंवा मेल आयडी, आणि मेल बंद पडलाय अशी तक्रार मेलवर करायची, पण ठीक आहे, सुरुवात आहे.

त्याच कायद्यात एक चांगली गोष्ट आहे, नॉमिनीची. माणूस गेला किंवा त्याला सुधरेनासं झालं तर त्याच्या डेटाबद्दलचे हक्क कोण वापरणार ते आधीच नेमून ठेवता येईल. गुगलच्या खात्यात अशी सोय २०१३ पासून आहे, तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने खातं हललं नाही तर कुणाला कळवायचं आणि काय काय द्यायचं ते लिहून ठेवता येतं. शिवाय दोन वर्षं वापरलं नाही तर खातंच पुसतात, हे डिसेंबर २०२३ पासून सुरू झालंय, म्हणजे गेलेल्या माणसाचे मेल जपून ठेवायचे असतील तर घरच्यांना आधी सांगून ठेवायलाच हवं. आपण एफडीला नॉमिनी लावतो, लॉकरला लावतो, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटसाठी तर भाऊ भाऊ भांडतात, आणि या सगळ्याचे कागद ज्या इनबॉक्समध्ये आहेत त्याला कोणी वारस नाही.

काकांना हे फार आवडलं. लगेच डायरी काढली, नवीन पान, वर तारीख. रिकव्हरीचा नंबर बदलला, बॅकअप कोड (फोन हाताशी नसला तर आत जायला मिळणारे आकडे) कागदावर छापून एलआयसीच्या पॉलिसीबरोबर ठेवले (प्रिंट घरच्या प्रिंटरवर काढली, नाक्यावर नाही), आणि नॉमिनी म्हणून पुण्याच्या मुलीचं नाव टाकायला बसले. तिचा नंबर टाकायचा होता. तिने मधे कधीतरी नंबर बदलला होता, काकांकडे दोन होते, त्यातला चालू कुठला ते विचारायला फोन केला तर ती मीटिंगमध्ये, मग रात्री करते म्हणाली, मग क्रिकेट होतं. आता गणपतीत ती येईल तेव्हा समोर बसवूनच भरून घेतो म्हणतायत.